पाण्याची मिजास उतरवणारे

जानेवारीच्या शेवटी कळवण तालुक्यात शिरलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना कांदाच कांदा. उन्हाळ कांद्याची लागण होऊन काही आठवडे झालेले असतात, रोपं वाफ्यात सरळ उभी राहिलेली असतात आणि थ्रिप्सच्या, म्हणजे फुलकिड्यांच्या, धास्तीने फवारण्या सुरू झालेल्या असतात. पंपात कीटकनाशक पडतं, मग करप्याचं औषध, आणि सगळ्यात शेवटी पिशवीतून एक लहानशी बाटली निघते. स्टिकर. पंपाला थोडंसंच टाकायचं. पण ते टाकलं नाही तर बाकीचा सगळा खर्च मातीला. कांद्याच्या पातीवर नुसतं पाणी मारून पाहा : थेंबांच्या गोळ्या होतात, घरंगळतात, आणि पात कोरडी ती कोरडीच.

यात निम्मा दोष पातीचा आणि निम्मा पाण्याचा. पातीवरचा निळसर-पांढुरका थर, जो बोटाने पुसला की निघतो, तो मेणाचा असतो. ३१ कार्बनांची लांब साखळी असलेला एक पदार्थ हा त्या मेणाचा मुख्य घटक, आणि पाण्याशी त्याचं अजिबात जमत नाही. (ज्या कांद्यांत हे मेण कमी असतं, त्यांची पात चकचकीत हिरवी दिसते. संशोधकांना असं आढळलंय की थ्रिप्सना अशी चकचकीत पात फारशी रुचत नाही. म्हणजे मेण पिकाची राखण करतं, हे अर्धंच खरं.) पाण्याचा दोष असा, की त्याचे रेणू एकमेकांना फार घट्ट धरून असतात. आतल्या रेणूला चहूबाजूंनी ओढ असते. पृष्ठभागावरच्या रेणूला वरून ओढणारं कुणीच नाही, म्हणून तो आत खेचला जातो आणि सगळा पृष्ठभागच आक्रसायला बघतो. हा पृष्ठताण. २५ अंश सेल्सियसला तो ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर भरतो. अल्कोहोलचा जेमतेम २२ असतो. रोजच्या वापरातल्या द्रवांत पाण्याइतकं आपल्यातच राहणारं दुसरं कुणी नाही.

स्टिकरच्या रेणूचं एक टोक पाण्यात रमतं, दुसरं पाण्यापासून पळतं. असे रेणू पाण्याच्या पृष्ठभागावर गर्दी करतात, एक टोक आत आणि एक बाहेर, आणि पाण्याच्या रेणूंची आपसातली पकड सैल पाडतात. थेंब बसतो, पसरतो, मेणाला चिकटतो. अशा पदार्थांना सरफॅक्टंट म्हणतात. साबण, शाम्पू, भांड्यांचा बार, रिठ्याचा फेस, सगळी हीच जमात.

ज्या रोपावर आपण विकतचा सरफॅक्टंट मारतो, त्याच रोपाच्या मुळाशी, वीतभर खाली, त्याच कामाचे रेणू फुकटात तयार होत असतात. ते बनवतात जिवाणू. आणि कारखान्यात बनणाऱ्या बऱ्याच मालापेक्षा हे रेणू सरस असतात.

जिवाणूला साबण कशाला हवा, हे कळायला त्याच्या मापाचं व्हावं लागतं. आपल्याला पाणी म्हणजे ओतायची, प्यायची, पोहायची गोष्ट. दोन-तीन मायक्रोमीटर लांबीच्या जिवाणूला मात्र मातीत असं मोकळं पाणी क्वचितच मिळतं. पाटाचं पाणी झिरपून गेलं, वाफा वापशावर आला, की मातीच्या कणांवर उरतो तो पाण्याचा पातळ पापुद्रा, आणि माती सुकत गेली की तो जिवाणूच्या अंगाहूनही पातळ होतो. पृष्ठताण त्या पापुद्र्याला आणि त्यात सापडलेल्या जिवाणूला कणावर दाबून धरतो. जिवाणूकडे पोहायला शेपूट आहे, ती फिरवायची ताकद आहे, पण जागचं हलता येत नाही. केसाच्या जाडीइतक्या अंतरावर मुळातून साखर पाझरते आहे आणि तिथवर जायचा रस्ता पाण्यानेच अडवलेला आहे. पाण्यावाचून मरायचं आणि पाण्यातच अडकायचं, अशी ही पंचाईत.

त्यातून जिवाणूंनी काढलेली वाट पहिल्यांदा नीट हाताला लागली ती जपानमध्ये. १९६८ साली अरिमा, काकिनुमा आणि तामुरा यांनी बॅसिलस सबटिलिस या मातीतल्या अगदी सर्वसाधारण जिवाणूपासून एक पदार्थ स्फटिकरूपात वेगळा केला. रक्ताची गुठळी होऊ न देण्याचा गुणही त्यांनी त्यात नोंदवला. पदार्थाला नाव मिळालं सरफॅक्टिन, आणि जगभर चर्चा झाली ती त्याने पाण्याचं काय केलं याची. अवघ्या ०.००५ टक्के प्रमाणात त्याने पृष्ठताण ७२ वरून २७ वर आणला. फवारणीच्या भाषेत सांगायचं तर १५ लिटरच्या पंपाला पाऊण ग्रॅम. शाम्पू-टूथपेस्टमध्ये सर्रास असणाऱ्या सोडियम लॉरिल सल्फेटला आपला पूर्ण प्रभाव दाखवायला तेवढ्याच शुद्ध पाण्यात ३० ग्रॅमच्या वर लागतं, आणि तरी ते २७ पर्यंत पोचत नाही.

सरफॅक्टिनचा रेणू म्हणजे सात अमिनो आम्लांचं कडं आणि त्याला जोडलेली चरबीची शेपटी. अमिनो आम्लं म्हटली की आपल्याला प्रथिनं आठवतात, आणि प्रथिनं बनतात रायबोसोम नावाच्या यंत्रावर, जनुकाचा निरोप वाचून. सरफॅक्टिन तसं बनत नाही. त्याच्यासाठी जिवाणूने अवाढव्य एन्झाइमांची वेगळीच रांग मांडलेली असते. लग्नाच्या पंगतीत एका वाढप्याकडे वरण, दुसऱ्याकडे भाजी, तिसऱ्याकडे मठ्ठा, तसा या रांगेतला प्रत्येक भाग आपलं ठरलेलं एकच अमिनो आम्ल जोडतो आणि साखळी पुढच्याकडे सरकवतो. शेवटचा भाग दोन टोकं जुळवून कडं पुरं करतो. एवढी रांग मांडायचा आराखडा जिवाणूच्या डीएनएमध्ये पंचवीस हजारांहून जास्त अक्षरांची जागा खातो. बॅसिलसचा सगळा ग्रंथ साधारण ४२ लाख अक्षरांचा. त्यातली एवढी जागा एका साबणाला दिलेली आहे, यावरूनच त्याची किंमत समजावी.

ती आणखी स्पष्ट करणारी एक गोष्ट प्रयोगशाळेत, नकळत घडली. जगभरचे शास्त्रज्ञ बॅसिलस सबटिलिसवर काम करतात ते बहुतेक ‘१६८’ या वाणावर. अमेरिकेत येल विद्यापीठात पॉल बर्कहोल्डर आणि नॉर्मन जाइल्स यांनी १९४७ मध्ये क्ष-किरणांचा मारा करून मिळवलेल्या वाणांपैकी हा एक. तेव्हापासून तो बशीतल्या आयत्या खाण्यावर वाढतोय. या वाणाला सरफॅक्टिन बनवता येत नाही. रांगेतले सगळे वाढपी जागेवर आहेत, पण त्यांना कामाला लावणाऱ्या एका लहानशा जनुकात बिघाड झालाय. रानटी बॅसिलस ओलसर पृष्ठभागावर झुंडीने पसरतो, थोड्या तासांत बशी व्यापतो. १६८ एका जागी ढिम्म बसतो (त्याचं आणखी एक जनुकही त्या बाबतीत बिघडलेलं आहे). बशीत खाणं समोर येतं, मातीत खाण्यापर्यंत जावं लागतं. जिथे जायचंच नाही तिथे साबण गेला तरी कुणाचं काही अडलं नाही.

मुळाशी राहणारी दुसरी साबणकार मंडळी म्हणजे स्यूडोमोनास. कृषी सेवा केंद्रात ट्रायकोडर्माशेजारी ‘सुडोमोनास’ची पाकिटं असतात, त्याच घराण्यातले हे. त्यांच्यातला स्यूडोमोनास एरुजिनोसा रॅम्नोलिपिड बनवतो : एक किंवा दोन रॅम्नोज शर्करा आणि त्यांना जोडलेल्या चरबीच्या दोन शेपट्या. हा रेणू १९४० च्या दशकापासून माहीत आहे, पण तो बनवण्यामागचा हिशेब उलगडायला पुढची साठ वर्षं गेली. मला या सगळ्या विषयात सर्वांत थक्क करणारा भाग हाच वाटतो.

एकट्या जिवाणूने साबण सोडला तर तो वाहून जाणार, फुकट. उपयोग व्हायचा तर शेजारपाजाऱ्यांनी मिळून सोडला पाहिजे. म्हणून हे जिवाणू आधी मोजदाद करतात. प्रत्येक जण एक छोटा संदेशरेणू बाहेर सोडत राहतो. आसपास आपल्यासारखे पुरेसे असले की त्या रेणूचं प्रमाण वाढतं, आणि मगच साबणाचं जनुक चालू होतं. इथवर ठीक. पण समाज म्हटला की आयतोबा आलेच. जो काहीच बनवत नाही आणि इतरांच्या साबणावर पुढे सरकतो, तो वाढीला जास्त ताकद लावू शकेल आणि हळूहळू सगळ्यांना मागे टाकेल. तसं का होत नाही? झेवियर, किम आणि फॉस्टर या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं, की हा जिवाणू मोजणी पुरी झाली तरी लगेच खर्च करत नाही. वाढीला लागणारं नत्र किंवा लोह कमी पडू लागलं आणि कार्बन मात्र शिल्लक उरला, तरच तो रॅम्नोलिपिड बनवतो. रॅम्नोलिपिडमध्ये कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एवढंच असतं, नत्राचा एक कणही नाही. म्हणजे ज्याची चणचण आहे त्याला हात न लावता, जे उरलंय त्यातून साबण. घरखर्च भागल्यावर उरलेल्या पैशातून वर्गणी दिली तर न देणाऱ्याला फायदा तो काय होणार? आयतोब्यांची डाळ शिजत नाही.

आणि मुळाशी शिल्लक कार्बनाला तोटा नसतो. पातीने उन्हात कमावलेल्या साखरेचा बराच वाटा झाड मुळांवाटे मातीत सोडून देतं. उधळपट्टी वाटावी इतका. या साबणाचा कच्चा माल पुरवणारा कांदाच आहे.

त्याला बदल्यात काय मिळतं, हे पाहायला उळे, म्हणजे कांद्याचं बी, टाकण्याच्या दिवसांत जावं लागेल. रोपवाटिकेत उळे टाकल्यावर आठ-पंधरा दिवसांत, विशेषतः पाणी जास्त झालं तर, कोवळी रोपं जमिनीलगत पिचतात आणि आडवी पडतात. मर लागली म्हणतात ती. यामागे जे अनेक गुन्हेगार असतात त्यांत पिथियम एक. दिसायला बुरशी, पण खऱ्या बुरशीशी नातं नाही. हा साचलेल्या पाण्यात आपले पोहणारे बीजाणू सोडतो, दोन शेपट्यांचे, आणि ते मुळाच्या रसाचा माग काढत येतात. शेजारच्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षांवरची डावणी आणि टोमॅटो-बटाट्याचा उशिरा येणारा करपा हेही याच गोतातले. या पोहणाऱ्या बीजाणूंची एक नाजूक नस आहे : त्यांना बाहेरची टणक भिंत नसते, नुसतं पातळ पटल. १९९७ मध्ये स्टँगेलिनी आणि मिलर या अमेरिकी वनस्पतिरोगतज्ज्ञांनी दाखवलं, की रॅम्नोलिपिडच्या संपर्कात आल्यावर हे बीजाणू मिनिटभराच्या आत फुटतात. दोन टोकांचा रेणू जसा पाण्याच्या पृष्ठभागात घुसतो, तसाच चरबीच्या पटलातही घुसतो. भिंत असलेल्याला फारसं काही होत नाही. भिंत नसलेला संपतो. या शोधातून पुढे अमेरिकेत रॅम्नोलिपिडचं बुरशीनाशक बाजारातही आलं.

अमीबाचंही तेच. मातीतले अमीबा आणि त्यांचे भाऊबंद जिवाणू खाऊन जगतात, आणि त्यांनाही भिंत नसते. स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्सच्या काही वाणांवर २००९ मध्ये झालेल्या कामात दिसलं, की असा भक्षक जवळ असला की साबण बनवणारी जनुकं जास्त जोराने चालतात. जे चालायला, तेच मारायला.

रोपालाही याची चाहूल लागते. बॅसिलसचं सरफॅक्टिन मुळाच्या पेशींच्या पटलाला स्पर्श करतं तेव्हा झाडाची संरक्षणव्यवस्था सावध होते आणि पुढे पानावर रोग आला तर झाड अधिक तयारीत सापडतं. बेल्जियममधल्या मार्क ऑन्जेना आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये घेवडा आणि टोमॅटोवर हे दाखवलं. म्हणजे जिवाणूने स्वतःच्या चालण्यासाठी केलेला खटाटोप झाडाने निरोप म्हणून वाचला.

पानावर राहणाऱ्यांची कहाणी आणखी वेगळी. पान म्हणजे जिवाणूला वाळवंट, दिवसभर ऊन, वारा. स्यूडोमोनास सिरिंजी हा तिथला रहिवासी सिरिंगाफॅक्टिन नावाचा सरफॅक्टंट बनवतो, आणि तो पानाच्या मेणाला चिकटून राहतो. बर्कलीच्या मोनिका हर्नांडेझ आणि स्टीव्हन लिंडो यांनी २०१९ मध्ये दाखवलं, की हा पदार्थ हवेतली वाफ ओढून धरतो, आणि पान वरून सुकलेलं असतानाही जिवाणूभोवती ओल राहते. साबणाने पाणी पसरवायचं, एवढंच आपल्याला ठाऊक. या गड्याने साबणाने पाणी गोळा केलं.

मृगाच्या पहिल्या सरीला मातीचा जो वास येतो, त्यातला मोठा वाटा जिओस्मिन या रेणूचा, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक असतं. एक लाख कोटी भागांत पाच भाग असला तरी आपल्या नाकाला तो कळतो. तो मुख्यतः बनवतात स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू. हे धाग्यांसारखे वाढतात, आणि बीजाणू तयार करायची वेळ आली की ओल्या मातीतून धागे वर हवेत उभे करतात. पण वर जायचं तर पाण्याचा पृष्ठभाग फोडून जायला हवं, आणि एवढ्या बारीक धाग्याला तो फुटत नाही. म्हणून तो आधी सॅप-बी नावाचा छोटा रेणू सोडतो, पृष्ठताण उतरवतो आणि मग वर निघतो. पोषक माध्यमावर वाढलेल्या ज्या वाणांना हा रेणू करता येत नाही त्यांचे धागे वर उठतच नाहीत, वसाहत टकली दिसते. बाहेरून शुद्ध सॅप-बी लावलं की धागे पुन्हा उभे राहतात. मृगाच्या वासाच्या आधी मातीत साबण लागलेला असतो म्हणायचा.

इतकं ऐकल्यावर ‘नैसर्गिक ते चांगलं’ असं म्हणायचा मोह होईल. तो आवरावा. सरफॅक्टिन तांबड्या रक्तपेशी फोडतं. रॅम्नोलिपिडचा बादशहा स्यूडोमोनास एरुजिनोसा इस्पितळांत भाजलेल्या आणि अशक्त रुग्णांना छळणारा जिवाणू आहे, तो शेतात ओतायची चीज नव्हे. पाकिटातला ‘सुडोमोनास’ ही वेगळी जात. कांद्याला आंबूस वास येऊन आतले पापुद्रे सडतात त्या रोगाचा जिवाणू १९५० मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या वॉल्टर बर्कहोल्डर यांनी वर्णिला. त्यांच्या नावाने पुढे बर्कहोल्डेरिया हे कुळ झालं, आणि त्या कुळातले काही जिवाणू, भाताच्या लोंबीला रोग आणणाऱ्यासह, रॅम्नोलिपिडच्याच जोरावर पसरतात. (येलचे पॉल बर्कहोल्डर ते हे नव्हेत.) साबण कुणाच्या हातात आहे त्यावर सगळं. आणि पाकिटातल्या जिवाणूने मर आटोक्यात आली तरी सगळं श्रेय सरफॅक्टंटला देऊ नये. लोह पळवणारे रेणू, प्रतिजैविकं, नुसती जागा अडवून बसणं, अशी त्यांची बरीच हत्यारं आहेत.

दुसरीकडे विकतच्या स्टिकरांनाही इतिहास आहे. फवारणीत आणि धुलाईत खूप वापरले गेलेले नॉनाइलफिनॉलवर आधारलेले सरफॅक्टंट पाण्यात विघटन होताना असा पदार्थ मागे ठेवतात जो माशांच्या शरीरात स्त्री-संप्रेरकाची नक्कल करतो. युरोपीय संघाने २००३ मध्ये त्यांच्यावर कडक मर्यादा घातल्या. म्हणून जगाची नजर जिवाणूंकडे वळली. अडचण होती ती पैशाची : जिवाणू साबण करतात, पण थोडा, आणि वाढवताना फेस इतका की टाकी उतू जाते. तरीही युनिलिव्हरने २०१९ मध्ये चिलीत रॅम्नोलिपिड घातलेला भांडी घासायचा द्रव विकायला काढला, आणि पुढे जर्मन कंपनी एव्होनिकने स्लोव्हाकियात त्याचा मोठा कारखाना उभारला. कच्चा माल मक्यापासून मिळणारी साखर. कळवणचा शेतकरी खरिपात कांद्याआधी मका घेतो, तेव्हा या साखळीची दोन्ही टोकं त्याच्या एकाच शिवारात आहेत. मधला कारखाना तेवढा नाही.

असे जिवाणू शोधायचे कसे, याची शिस्त लावण्यात पुण्याचा वाटा आहे. पुणे विद्यापीठातल्या सुरेखा सातपुते आणि बी. ए. चोपडे यांनी भौतिकशास्त्र विभागाचे अरुण बनपूरकर, आघारकर संशोधन संस्थेचे प्रशांत ढाकेफळकर आणि अल्स्टर विद्यापीठाचे इब्राहिम बनात यांच्यासह २०१० मध्ये या शोधपद्धतींचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. त्यातल्या काही चाचण्यांना लाखोंचं यंत्र लागत नाही. तालुक्याच्या महाविद्यालयातल्या प्रयोगशाळेतही होईल अशी एक : पसरट बशीत पाणी घ्यायचं, त्यावर खनिज तेलाचा थेंब सोडायचा (गॅरेजमधलं जळकं इंजिन ऑइल चालतं), तो पातळ पसरला की मधोमध जिवाणू वाढवलेल्या द्रावाचा एक थेंब टाकायचा. सरफॅक्टंट असेल तर तेल झटकन बाजूला सरून स्वच्छ वर्तुळ उघडतं. पट्टीने त्याचा व्यास मोजायचा. जितका मोठा, तितका माल जोरकस. शेजारी नुसत्या माध्यमाचा थेंब टाकून तुलना करायला विसरायचं नाही. आणि नमुना घेताना रोप हळूच उपटून, झटकून, त्यानंतरही मुळाला जी माती चिकटून राहते तीच घ्यायची. वाफ्याच्या वरंब्यावरची नको, कारण साखर मुळाशी आहे.